माळ्याआधी उशी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर पानभर मजकूर आला होता. माळा, पंखे, जळमटं, पडदे, फराळाचे डबे, पितळेची भांडी, सगळं त्यात होतं. सोबतच्या फोटोत सात-आठ वर्षांचा एक मुलगा स्टुलावर चढून लांब दांड्याच्या झाडूनं पंख्याची धूळ पाडतोय आणि खाली त्याची बहीण तोंड वर करून हसतेय. मजकुरात गादी आणि उशी हे शब्द मी चष्मा पुसून दोनदा शोधले. नव्हते. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांबलं तर कापा, पण उशीचा आणि दम्याच्या पंपाचा भाग कापू नका, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

मी मिरजेत गाद्या भरतो. आम्ही नदाफ, लोक पिंजारी म्हणतात. आजोबा खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, टाकून उन्हाळाभर गावोगाव फिरायचे. त्याच्या ताणलेल्या तातेचा आवाज गल्लीच्या टोकाला आला की बायका गाद्या अंगणात काढायच्या. अब्बांनी मशीन आणलं. मी दुकानात बसायला लागून एकेचाळीस वर्षं झाली. जुनी गादी उसवून कापूस मशीनमधून काढला की दहा किलोला किलो-दीड किलो तूट धरायची, हा आमचा रोजचा हिशेब. ती तूट म्हणजे मशीनखाली साचलेली करडी, मऊ, पिठासारखी धूळ. गिऱ्हाईक ती बघून म्हणतं, “रस्त्यावरची धूळ किती येते हो घरात!” चाळीस वर्षं मीही तेच समजत होतो. त्यातली काही घरातच, आपल्याच अंगातून तयार होते हे मला नातवामुळे कळलं.

मुलगी रत्नागिरीला दिली आहे. डी. फार्म. झालेली आहे, तिथं औषधाचं दुकान चालवते. तिचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असल्यापासून सकाळी उठताना त्याचं नाक बंद असायचं. उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, मग तळहातानं नाक खालून वर चोळायचं, इतकं की नाकावर आडवी रेघ उमटली. डोळ्यांखाली काळं. तोंड उघडं टाकून झोपायचा. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं जंत झाले. चौथ्या वर्षापासून पहाटे तीनला खोकल्यानं उठायला लागला आणि छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. दवाखान्यात नेऊन वाफ द्यायची, अँटिबायोटिकची बाटली आणायची, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. सांगणारे सांगत गेले आणि आम्ही ऐकत गेलो. आधी दही बंद केलं, मग केळं, मग संत्रं, मग मासे. रत्नागिरीत वाढणाऱ्या पोराचे मासे बंद. तीन वर्षं ते लेकरू वरण-भात खात दुसऱ्यांच्या ताटाकडे बघायचं. ते आठवलं की आजही घास उतरत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला कोड्यात टाकायची. मे महिन्यात तो आमच्याकडे आला की आठ-दहा दिवसांत नाक मोकळं व्हायचं. दुकानात खेळायला आला की कापसाच्या धुळीनं खोकायचा, पण रात्री शांत झोपायचा. जूनमध्ये रत्नागिरीला परतला की पहिल्या पावसानंतर महिना-दीड महिन्यात शीळ सुरू. माझी बायको म्हणायची, तिथली हवा मानवत नाही. शब्द बरोबर होता, अर्थ नंतर कळला.

सहा वर्षांचा झाल्यावर मिरजेतल्या एका डॉक्टरबाईंनी त्याची तपासणी केली. सर्दीचं औषध आधी काही दिवस बंद ठेवायला लावलं. मग हातावर पेननं खुणा करून एकेका खुणेवर एकेक थेंब ठेवला, थेंबातून अलगद टोचलं आणि पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवलं. नातू माझ्या मांडीवर होता. दोन खुणांवर माझ्या डोळ्यांदेखत डास चावल्यासारख्या गांधी उठल्या, कडेनं लालभडक. एका खुणेवर लहानशी. बाकी सगळ्या कोऱ्या. दोन मोठ्या होत्या त्या घरातल्या धुळीतल्या डस्ट माइटच्या दोन जाती. लहान होती ती झुरळाची. दूध, अंडं, मासा, कशालाच काही नव्हतं. मुलीनं दह्याचं विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, “आजच द्या.” त्या रात्री आमच्याकडे सुरमई तळली.

आता हा डस्ट माइट काय प्रकार आहे ते मला समजलं तसं सांगतो, कारण गिऱ्हाइकाला सांगायला गेलो की तो लगेच म्हणतो, आमच्या घरात ढेकूण नाहीत. हा ढेकूण नव्हे. हा चावत नाही, रक्त पीत नाही. कोळी-गोचिडीच्या कुळातला आठ पायांचा जीव, पण लांबी मिलिमीटरचा पाव हिस्सा, त्यामुळे दिसत नाही. त्याचं खाणं म्हणजे आपल्या अंगावरून रोज गळणारा कातडीचा कोंडा. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी कातडी खाणारा असा आहे, असं मुलीनं सांगितलं. कोंडा सगळ्यात जास्त कुठं गळतो? जिथं आपण रोज आठ-दहा तास अंग घासतो तिथं. म्हणजे माझ्या हातच्या गादीत, माझ्या हातच्या उशीत.

माइट स्वतः श्वासात जात नाही. त्रास देते ती त्याची विष्ठा. तिची गोळी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी, आणि एकेक माइट दिवसाला अशा वीसेक गोळ्या टाकतो. त्यात त्याच्या पोटातला पाचक रस असतो, तो नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराला चिरा पाडतो. ज्या मुलाचं शरीर त्याला शत्रू समजायला लागलं आहे, त्याचं नाक वाहतं, नळ्या आवळतात. घरातल्या धुळीनं दमा चाळवतो हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होतं, पण धुळीतलं नेमकं काय, हे १९६४ नंतर नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी, फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा यांनी, दाखवून दिलं. ओलसर घरांतल्या धुळीत हे जीव जास्त सापडतात हेही त्यांनीच पाहिलं.

इथं आमचं कोडं सुटलं. माइट पाणी पीत नाही. हवेतला दमटपणा अंगात शोषून जगतो. हवेची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली आणि तशीच राहिली तर तो वाळून मरतो, सत्तर-ऐंशीला त्याची चंगळ असते. आम्ही आर्द्रता दाखवणारी दोन छोटी यंत्रं आणली, एक मुलीकडे, एक आमच्याकडे. एप्रिलमध्ये दुपारी मिरजेचा काटा तिशीत असतो. जुलैत रत्नागिरीचा नव्वदीच्या आसपास दिवसरात्र खिळलेला. नातू मे महिन्यात बरा व्हायचा तो नानीच्या लाडामुळे नव्हे, आमच्याकडच्या कोरड्या उन्हामुळे. (लाड होतेच, ते नाकारत नाही.)

आणखी एक गोष्ट डॉक्टरबाईंनी सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ही विष्ठेची धूळ जड असते. गादी हलवली, उशी आपटली की उडते आणि अर्ध्या तासात खाली बसते. म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेवर ती असली तरी तिथं पडून राहते, तिथं कुणाचं नाक नाही. उशीवर नाक टेकलेलं असतं, आणि पोर रात्रीतून वीस वेळा कूस बदलतं. आपण दिवाळीला आठ दिवस माळा घासतो आणि सहा वर्षांची उशी नवा अभ्रा घालून परत जागेवर ठेवतो.

घरी येऊन मी नातवाची उशी उसवली. मीच भरलेली होती, बाळंतपणाच्या वेळची, सावरीचा कापूस घालून. सहा वर्षांत उसवली नव्हती. माझ्या दुकानातली उशी आणि मीच तिला विसरलो. आतला कापूस पिवळा पडला होता, लाळेचे, तेलाचे गोल डाग, आणि झटकली तशी करडी पूड उडाली. मला त्या रात्री झोप आली नाही.

मग कव्हर. डॉक्टरबाईंनी माइट अडवणारं कव्हर घ्यायला सांगितलं. मुलीनं मागवलेलं आलं तेव्हा मी ते कारागिराच्या नजरेनं उलटंपालटं करून पाहिलं. कापड इतकं घट्ट विणलेलं की ती धूळ आरपार जाऊ नये, पण वारा आणि घाम थोडा जावा. त्याची छिद्रं मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून लहान लागतात. रेक्झिनही धूळ अडवतं, पण त्यावर पोर घामानं भिजतं आणि दुसऱ्या दिवशी आपणच ते काढून टाकतो. खरी गोम शिवणीत आहे. सुई जिथून जाते तिथं भोक पडतं. आमच्या कापसाच्या गादीला कापूस सरकू नये म्हणून आरपार टाके घालतात, त्या प्रत्येक टाक्याशी एक भोक असतं, आणि गादीवर बसलं की त्यातून धूळ बाहेर फेकली जाते. त्यामुळे नुसती वरून पसरायची चादर किंवा चार कोपऱ्यांना इलास्टिक लावलेलं कव्हर उपयोगाचं नाही. सहाही बाजू झाकणारी खोळ पाहिजे, शिवणी कडेला, आडव्या, आणि चेन लावल्यावर चेनीवरून कापडाची पट्टी. वरती एकही टाका नको. मी आता तशाच शिवतो. कापड चांगलं मिळालं नाही तर ऑर्डर घेत नाही.

कव्हरच्या वरचं सगळं मात्र धुवावं लागतं, दर आठवड्याला, साठ अंश गरम पाण्यात. साठ म्हणजे हात घालवत नाही इतकं. मोठ्या माणसानंच करायचं काम. गार पाण्यानं विष्ठा बरीचशी निघून जाते, पण माइट मरत नाही. मशीनला साठचा आकडा असतो, तो कुणी वापरत नाही. आमच्याकडे बंबातलं पाणी काढतो. याच कारणानं माझं मत वाकळेच्या बाजूनं आहे. रजई, दुलई भरण्यात मला पैसे जास्त मिळतात, तरी अशा पोराला रजई नको, नानीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली पातळ वाकळ द्या. ती उकळत्या पाण्यात बुडवता येते, पिळता येते, तारेवर एका दुपारी वाळते. रजई कुणी दर आठवड्याला धूत नाही.

नातवाचा एक कापडी हत्ती आहे, त्याच्याशिवाय झोपत नाही. तो टाकून द्या असं कुणी तरी सुचवलं. का टाकायचा? प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अख्खा एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो, थंडीनं माइट मरतात, मग धुतो म्हणजे त्यांची घाण निघून जाते. महिन्यातून दोनदा. त्या रात्री नातू हत्तीला पांघरूण पाठव म्हणून नानीला सांगतो.

उन्हाबद्दल लोक हमखास विचारतात. सिडनीच्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की कडक उन्हात पसरलेल्या सतरंज्यांमधले माइट मरतात. सतरंजी, वाकळ यांना ऊन उत्तम. पण सहा इंचाच्या गादीत ऊन आतपर्यंत पोचत नाही, वरचा थर तापतो आणि माइट खाली सरकतात. आमच्या आजोबांच्या काळी दर उन्हाळ्यात गादी पूर्ण उसवून, पिंजून, उन्हात मोकळा कापूस वाळवून परत भरायची पद्धत होती. ती नुसती मऊपणासाठी नव्हती असं मला आता वाटतं. आज फोमची गादी दहा-बारा वर्षं उसवत नाहीत, उसवता येतच नाही. त्यावरचं प्लास्टिक निघालं की तीही चार-दोन पावसाळ्यांत तशीच होते.

यावरून माझ्याकडे येणाऱ्यांचा दुसरा प्रश्न. “चाचा, ॲलर्जी न होणारी गादी द्या.” अशी गादी माझ्याकडे नाही. काथ्या भरा, कापूस भरा, फोम भरा, लॅटेक्स भरा, कातडीचा कोंडा आणि दमटपणा पोचला की माइट राहतो. जो दुकानदार भरण दाखवून ॲलर्जीची हमी देतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि एक कबुली याच जागी देतो. स्वस्तातल्या ऑर्डरीला या धंद्यात कापसाऐवजी चिंध्यांचा रंगीत भुगा आणि गिरणीचा टाकाऊ माल भरतात. मीही पंधरा वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या शंभर गाद्या तशा भरल्या. दर परवडत नव्हता, सगळेच भरत होते. त्या गाद्यांवर पोरं झोपली. तेव्हापासून मी ते काम सोडलं आहे, पण झालं ते झालं.

कव्हर घातलं की दमा गेला, असंही मी म्हणणार नाही. मुलीनं मला दोन गोष्टी वाचून दाखवल्या. डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये जगभरच्या ५४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि माइट हटवण्याच्या उपायांनी दम्यात काही फरक दिसत नाही असं लिहिलं. उलट मँचेस्टरच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये २८४ मुलांवरचा अभ्यास छापला. ही सगळी मुलं दम्याच्या झटक्यानं दवाखान्यात येऊन गेलेली आणि माइटची ॲलर्जी असलेली. खरी कव्हरं मिळालेल्यांपैकी वर्षभरात शंभरात २९ मुलं पुन्हा झटक्यानं दवाखान्यात आली, दिसायला तशीच पण साधी कव्हरं मिळालेल्यांपैकी ४२. मला यातून समजलं ते असं, की लहान मुलाला, ज्याची ॲलर्जी तपासून माइटचीच निघाली आहे त्याला, कव्हर घालायचं. सरसकट सगळ्यांना विकत सुटायचं नाही. आणि औषध थांबवायचं नाही.

औषध म्हणजे पंप, तोंडानं ओढायचा इन्हेलर. याबद्दल आमच्या घरातही भांडणं झाली. पंपाची सवय लागते, आयुष्यभर सुटत नाही, पोराच्या नावाला बट्टा लागतो, हे सगळं जावयाच्या घरून, आमच्या घरून, मशिदीच्या ओट्यावरून ऐकलं. डॉक्टरबाईंनी कागदावर आकडे लिहून दिले. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. झटका आल्यावर पोटात देतात ते औषध मिलिग्रॅममध्ये. पंप टाळून वर्षाला चार-पाच वेळा पोटातून स्टेरॉइड द्यायचं, आणि वर म्हणायचं पंप घातक. नातू नळीतून, म्हणजे स्पेसर लावून, रोज रात्री दोनदा घेतो, चूळ भरतो आणि झोपतो. गेल्या दोन पावसाळ्यांत एकदाच वाफ द्यावी लागली. डोस आता कमी केला आहे. वाढदिवसाला पाहुण्यांसमोर पंप घेतो, लपवत नाही.

शाळेचा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेचं नाव देत नाही, बाई वाईट नव्हत्या, त्यांना माहीत नव्हतं. २ ऑक्टोबरला स्वच्छता म्हणून मुलांकडून वर्ग कोरड्या झाडूनं झाडून घेतले आणि खेळाच्या खोलीतल्या जुन्या मॅट बाहेर काढून आपटायला लावल्या. नातवाला धाप लागली. त्याचा झटक्याच्या वेळचा निळा पंप शाळेनं “सुरक्षित” म्हणून ऑफिसच्या कपाटात ठेवला होता, किल्ली ज्यांच्याकडे होती ते झेंड्याच्या कार्यक्रमाला दुसरीकडे गेलेले. वीस मिनिटं पोर भिंतीला टेकून खांदे उचलून श्वास घेत होतं. शेवटी एका मोठ्या वर्गातल्या मुलीनं स्वतःच्या दप्तरातून आपला पंप काढून दिला. तिलाही दमा होता आणि तिनं तो कुणाला न सांगता दप्तरात ठेवला होता. मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे, झटक्याचा पंप मुलाच्या दप्तरात राहू द्या, कपाटात दुसरा ठेवा. मॅट झटकायच्या असतील तर मोठ्यांनी झटकाव्यात, ओल्या फडक्यानं पुसाव्यात, आणि दम्याच्या मुलांना अर्धा तास मैदानात पाठवावं.

“आम्ही शेणा-मातीत लोळलो, आम्हाला काही झालं नाही,” हे माझ्याच वयाची माणसं म्हणतात. त्यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकेत आमिश आणि हटराइट नावाचे दोन समाज आहेत, मूळ दोघांचं मध्य युरोपातलं, दोघंही शेती करतात. आमिश घराला लागून गोठा ठेवतात, घोड्यानं नांगरतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची, गोठे वस्तीपासून लांब. २०१६ च्या एका अभ्यासात आमिश मुलांमध्ये दमा शंभरात ५, हटराइट मुलांमध्ये २१ असं आलं, आणि आमिश घरांच्या धुळीत गोठ्यातल्या जंतूंचा अंश जवळजवळ सातपट होता. म्हणजे धूळ आणि धूळ यांत फरक आहे. जन्मापासून गोठ्यात वाढलेल्या मुलाला ती धूळ राखते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडक्यांच्या घरात, न उसवलेल्या उशीवर वाढलेल्या आणि ॲलर्जी होऊन बसलेल्या मुलाला आता मातीत लोळवून ती जात नाही. ते म्हणणाऱ्यांना माझे अब्बाही आठवतील. अब्बांना मशीनवर बसून बसून छातीचा त्रास झाला होता, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळायची. तो माइटचा नव्हता, कापसाच्या धुळीचा होता, गिरणी कामगारांना व्हायचा तसा. तो आजार वेगळा, कारण वेगळं. पण तेव्हाही सगळे हेच म्हणाले, की धुळीनं कुणाला काय होतंय.

झुरळाचं थोडक्यात. ओट्याखाली, गॅसच्या ट्रॉलीमागे रात्री बॅटरी मारून बघा. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांवरचा अभ्यास आला होता, झुरळाची ॲलर्जी आणि घरात झुरळं अशा दोन्ही गोष्टी असलेली दम्याची मुलं इतरांच्या तिपटीहून जास्त वेळा दवाखान्यात भरती झाली होती. फवारणीच्या वासानं पोराला अजून त्रास होतो, जेलचे ठिपके लावा, खरकटं रात्री ठेवू नका. डासांसाठी कॉइल लावू नका. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतका बारीक धूर निघतो, असं २००३ मध्ये मोजलेलं आहे. मच्छरदाणी लावा, तीही आठवड्याला धुवा.

आता दिवाळीला आठवडाच उरला आहे म्हणून एवढं छापा. ज्या घरात सकाळी शिंकणारं, रात्री खोकणारं मूल आहे, तिथं माळा काढताना त्याला शेजारी, मामाकडे, बागेत कुठंही पाठवा, आणि काम झाल्यावर निदान तासाभरानं आणा. त्याच्या हातात झाडू देऊ नका. आधी ओलं फडकं, मग झाडू. माळ्यावरून काढलेल्या जुन्या गाद्या पाहुण्यांसाठी तशाच अंथरू नका. पाहुण्यांतही पोरं असतात. पावसाळ्यात भिंतीला जिथं ओल येते त्या भिंतीला गादी लावून ठेवू नका. उशी किती वर्षांची आहे ते आठवून बघा. आठवत नसेल तर बदलायची वेळ झाली आहे.

आणि जिल्हा परिषदेची, समाजकल्याणची वसतिगृहं, आश्रमशाळा यांच्या गाद्यांची टेंडरं निघतात त्यांत भरणाचं वजन आणि कापडाचा रंग लिहिलेला असतो. त्यात एक ओळ वाढवा, सहाही बाजूंनी चेनची, काढून धुता येणारी खोळ हवी. दर थोडा वाढेल. मी स्वतः आमच्या भागातल्या दोन वसतिगृहांना असा नमुना करून नेऊन दाखवणार आहे, घेतला नाही तरी दाखवणार आहे.

नातू येत्या शनिवारी यायचा आहे. दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराला खालून दोन बोटांची फट आहे, तिथून मशीनची धूळ घरात येते. इतकी वर्षं दिसत असून बुजवली नव्हती. आज सुताराला बोलावलं आहे, तो आला म्हणून इथंच थांबतो.

आपला,
एक गादी कारागीर, मिरज